काम राहिले, कामगार गेला

मागच्या पावसाळ्यात पिंपरीजवळच्या एका कारखान्यातले पाच कामगार माझ्याकडे आले. पॅकिंग विभागातली माणसे. प्रत्येकाची सोळा ते वीस वर्षांची नोकरी. कंपनीने पॅकिंग ठेकेदाराकडे दिले आणि यांच्या हातात कपातीचे पत्र ठेवले. देण्याघेण्याचा हिशेब चोख होता. त्यांतला वयाने मोठा कामगार म्हणाला, "वकीलसाहेब, पैशाचं नंतर बघू. माल तिथंच आहे, पॅकिंग रोज चालू आहे. मग आम्ही जादा कसे झालो?"

इतकी वर्षे कामगार न्यायालयात काढूनही मला या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही.

'जादा' या शब्दाची कायद्यातली कहाणी आपल्या बार्शीपर्यंत जाते. बार्शी लाइट रेल्वे 1 जानेवारी 1954 पासून सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीच्या कामगारांच्या भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 1956 मध्ये न्यायालयाने सांगितले, की चालू उद्योगात जादा ठरलेल्या कामगारांना काढणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तर ती कपात नव्हे. त्यानंतर संसदेने कायदा दुरुस्त केला आणि हस्तांतर व बंदी यांतही भरपाई दिली. पुढे 1990 मध्ये घटनापीठाने कपातीचा अर्थ बराच व्यापक केला.

पण ठेकेदारीत उद्योग बंद होत नाही, विकलाही जात नाही. काम तिथेच राहते, फक्त करणारे हात बदलतात. कामगार जादा असतो असे नाही. व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने तो जादा ठरतो.

असा निर्णय घेण्याचा मालकाला अधिकार आहे का? न्यायालयांची भूमिका साधारण अशी आहे : धंद्याची फेररचना हा मालकाचा प्रश्न, हेतू प्रामाणिक असेल तर तिच्या शहाणपणात न्यायालय शिरणार नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात नियमित स्वरूपाचे काम बंद करून ठेकेदाराला देणे ही अनुचित प्रथा म्हटली आहे, पण संप मोडण्यासाठी तसे केले तरच. माझ्या पाच जणांनी संप केला नव्हता.

मग उरते ती कार्यपद्धती. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातले मुख्य नियम 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत : एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, सर्वसाधारणपणे शेवटी आलेला आधी जाणार, आणि पुन्हा भरती झाल्यास काढलेल्यांना प्राधान्य. मात्र भरती ठेकेदार करत असेल, तर या प्राधान्याचा उपयोग काय? सरकारच्या पूर्वपरवानगीची अट 100 कामगारांच्या कारखान्यांना होती. संहितेने हा आकडा 300 केला.

भरपाईचे गणितही पाहा. पगार 24,000 रुपये, सेवा 18 वर्षे. अर्धा महिना गुणिले 18, म्हणजे 2,16,000 रुपये. नऊ महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी, पण ती आधीच कमावलेली असते. पंचेचाळिशीत नवी नोकरी शोधणाऱ्याला नऊ महिने किती पुरतात, हे त्याच्या घरच्यांना विचारावे.

ब्रिटनमध्ये 2006 च्या नियमांनी दुसरी वाट धरली आहे. तिथे एखादी सेवा बाहेरच्या कंपनीकडे गेली, की ठरावीक अटींत त्या कामावरचे कर्मचारी जुन्या सेवाशर्तींसह नव्या कंपनीकडे जातात. काम गेले तिकडे कामगारही गेला. तिथेही तंटे होतात, पण मूळ प्रश्नच वेगळा ठेवला आहे.

मला न्याय्य कपातीची कसोटी तीच वाटते. काम खरोखर संपले असेल तर भरपाई देऊन निरोप घेणे समजू शकते. काम चालूच असेल तर आधी त्याच माणसांना, त्याच सेवाज्येष्ठतेसह ते देऊ करावे. नको म्हणतील त्यांचाच हिशेब करावा. आपल्या कायद्यात असे बंधन नाही. समझोत्यात मात्र ते मागता येते, आणि पत्र हातात पडण्याआधी युनियनने मागितले तर मिळण्याची शक्यता अधिक.

त्या पाच जणांपैकी दोघे आज त्याच विभागात ठेकेदाराकडे पॅकिंग करतात. पगार जवळजवळ निम्मा. हजेरीपटावर त्यांची नोकरी गेल्या वर्षी सुरू झालेली आहे.