पिक्चर बेताचा, पण अलका भारी!

मुलांनो, आमच्या कोल्हापुरात पिक्चरला दोनच शेरे मिळतात. एक ‘लई भारी’, नाहीतर ‘बाद’! बाबूराव पेंटरांनी जिथं सिनेमे काढले, त्या गावाला एवढे दोन शेरे कसे पुरावेत?

आता ‘माहेरची साडी’च घ्या. विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ साली आला आणि तुफान चालला. आजीला विचारा, पदर ओला करूनच घरी आली असेल! पण कथा तशी सुमारच. जन्मताच आई गेली म्हणून बाप (विक्रम गोखले) लेकीला अपशकुनी ठरवतो. पुढं सासू छळते, त्या उषा नाडकर्णी. एक संकट सरायच्या आत दुसरं हजर! आणि सून सगळं मुकाट सोसते. असं सोसणं म्हणजे चांगुलपणा, हे मला मुळीच पटत नाही. वर्गातल्या मुलींना मी तसं सांगतेसुद्धा.

तरी पडद्यावरून नजर हलत नाही, ती अलका कुबल यांच्यामुळं. लेखकानं त्यांना एकच काम दिलंय, सोसायचं. पण बापासमोर त्यांच्या डोळ्यांत आशा दिसते, सासूसमोर धास्ती. रडू फुटायच्या आधी त्या ते दाबून धरतात ना, तिथं आपलाच गळा दाटतो.

टीव्हीवर लागला, तर ती सासरी निघते तो प्रसंग आवाज बंद करून बघा. रडवणारं संगीत नाही, संवाद नाहीत, नुसता चेहरा. मग शेरा द्या. पिक्चरला वेगळा, अलकाताईंना वेगळा.