आठ गुंठे आणि एकशेदहा मिनिटे



मागच्या महिन्यात मुले वर्गात होती आणि आम्ही पालक नेहमीप्रमाणे बाहेर चहाच्या थर्मासभोवती उभे होतो. तेव्हा शाळेत नव्याने आलेल्या एका जोडप्याने आम्हांला विचारले, "तुम्ही चार वर्षे ट्रेसीला राहत होतात ना? मग परत फ्रीमाँटला का आलात? आम्ही तिकडेच घर बघतो आहोत." चहा संपला, वर्ग सुटला, तरी आमचे उत्तर संपले नाही. बाई म्हणाल्या, "मग लिहूनच द्या की अंकासाठी!" म्हणून हा लेखप्रपंच. आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. त्यात थोडे गणित आहे, पण मुलांनो, घाबरू नका. गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिण टोकाला सनीव्हेल, सँटा क्लारा, सॅन होजे ही गावे आहेत. बहुतेक आई-बाबांच्या कचेऱ्या इथे. उपसागराच्या पूर्वेला फ्रीमाँट. आणखी पूर्वेला डोंगर, मग प्लेझंटन आणि लिव्हरमोर, मग पवनचक्क्यांची आल्टामाँट खिंड, आणि खिंड उतरले की सपाट शेतीचा प्रदेश लागतो. तिथे ट्रेसी. फ्रीमाँटचे आमचे घर कचेरीपासून १८ मैलांवर होते, ट्रेसीचे ५० मैलांवर.

आता जमिनीचे माप. आपल्याकडे शेतजमीन गुंठ्यात मोजतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे झाले की एक एकर. (१,०८९ गुणिले ४० करून पाहा, ४३,५६० येतात का?) फ्रीमाँटच्या आमच्या घरामागे १२ फूट बाय १० फुटांची फरशी होती. म्हणजे गुंठ्याचा जेमतेम नववा हिस्सा! त्यावर दोन खुर्च्या आणि एक तुळस. ट्रेसीला आम्ही पाहिलेल्या घराची जागा ८,७१२ चौरस फूट होती, म्हणजे बरोबर ८ गुंठे. ती पाहिल्यावर आमचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

लांबची जमीन स्वस्त का असते? हा प्रश्न जर्मनीतल्या योहान हाइनरिश फॉन ट्यूनेन नावाच्या जमीनदाराला पडला होता. त्याने १८२६ साली त्यावर पुस्तक लिहिले. मध्ये एक शहर आहे आणि भोवती सगळीकडे सारखीच सपाट जमीन आहे, अशी त्याने कल्पना केली. माल शहरात नेण्याचा खर्च अंतराबरोबर वाढतो. त्यामुळे दूध-भाजीपाला शहरालगत, त्याबाहेर सरपणाचे जंगल, मग धान्य आणि सर्वांत बाहेर गुरे, अशी कडी आपोआप तयार होतात आणि बाहेर जावे तसे जमिनीचे मोल उतरते. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ साली हाच विचार शहरातल्या घरांना लावला. थोडक्यात काय, लांबचे घर फुकटात मोठे मिळत नाही. किमतीचा एक भाग आपण डॉलरमध्ये देतो आणि उरलेला मिनिटांत. डॉलरचा भाग सही करताना दिसतो, मिनिटांचा हप्ता मात्र रोज कापला जातो.

हा सौदा आमच्या घराण्यात नवा नाही. आमच्यापैकी एकाचे आईवडील १९७४ साली गिरगावातल्या चाळीतली एक खोली सोडून डोंबिवलीला गेले. वडिलांची नोकरी फोर्टात. डोंबिवली व्ही.टी.पासून (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून) सुमारे ४८ किलोमीटर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, आणि पुढे रूळ वाढत गेले तशी माणसे लांब लांब राहायला गेली. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली यावर एक लेख लिहिला. माणूस पायी चालो की गाडीने जावो, सरासरीने दिवसाचा सुमारे एक तास प्रवासात घालवतो, असे त्याचे म्हणणे. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, गाव पसरते!

पण डोंबिवलीच्या लोकलमध्ये आणि आमच्या मोटारीत एक फरक होता. वडिलांचा डब्यात ठरलेला कंपू होता. पेपर वाचून होई, पत्ते होत, दसऱ्याला डबा सजवला जाई. आई परतताना भाजी निवडत असे. आमच्या मोटारीत एकच माणूस, दोन्ही हात चाकावर, आणि समोर लाल दिव्यांची रांग. स्टॉकटनहून ट्रेसी, फ्रीमाँटवरून सॅन होजेला जाणारी आगगाडी १९९८ पासून आहे. ती कामाच्या दिवशी सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जाते. ज्यांच्या कचेरीची वेळ तिच्याशी जुळते त्यांना वाचायला, झोपायला मिळते. आमची जुळली नाही.

२०१३ साली निर्णय घेताना आम्ही इंजिनियर मंडळी करतात तसा तक्ता मांडला. फ्रीमाँटहून जायला ४० मिनिटे, ट्रेसीहून ९५. जाऊन-येऊन रोजचा फरक ११० मिनिटे. दिवसाची एकूण मिनिटे १,४४०, म्हणजे फरक आठ टक्क्यांहूनही कमी. पेट्रोलही मांडले. रोज ६४ मैल जास्त, वर्षाचे २३० दिवस, म्हणजे १४,७२० मैल. गॅलनला २८ मैल धरले तर ५२६ गॅलन. गॅलनला ४ डॉलर धरले तर वर्षाला सुमारे २,१०० डॉलर, आणि घर ते कचेरी हा खर्च आयकरात वजा होत नाही. तरीही मासिक हप्ता वाचत होता. तक्ता म्हणाला, "जा." आम्ही गेलो.

तक्त्यात दोन चुका होत्या. त्या सांगण्यासाठीच हा लेख.

पहिली चूक सरासरीची. मुलांनो, समजा पाच दिवस प्रवासाला ८०, ८५, ९०, ९० आणि १३० मिनिटे लागली. सरासरी किती? ९५. पण ९५ मिनिटे एकाही दिवशी लागली नाहीत! चार दिवस आपण लवकर पोहोचलो आणि पाचव्या दिवशी खूप उशीर झाला. नेमका त्या पाचव्या दिवशी शाळेचा कार्यक्रम असला तर उरलेल्या चार दिवसांची बचत काय कामाची? चिरंजीव तिसरीत असताना शाळेच्या नाटकात झाड झाले होते. आमच्यापैकी जो मोटार चालवीत असे, तो खिंडीतल्या अपघातामागे अडकला. पोहोचला तेव्हा खुर्च्या आवरणे चालले होते. चिरंजीव म्हणाले, "इट्स ओके बाबा, झाडाला डायलॉग नव्हता." या वाक्याने समाधान होण्याऐवजी फार वाईट वाटले.

दुसरी चूक मोठी होती. आम्ही सगळ्या घराचा मिळून एकच हिशेब केला होता. जागा घराला मिळते आणि वेळ घराचा जातो, असे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात जागा एकाला मिळते आणि वेळ दुसऱ्याचा जातो.

धाकटीचे पाहा. ती सकाळी ७ ला उठे आणि रात्री ८ ला झोपे. फ्रीमाँटला बाबा ८ ला निघत आणि संध्याकाळी ६ ला परतत. म्हणजे बाबा आणि ती दोघे जागे आणि एका घरात, असा वेळ रोज ३ तास, १८० मिनिटे. ट्रेसीहून बाबा ७ वाजून ५ मिनिटांनी निघू लागले आणि ६ वाजून ५५ मिनिटांनी परतू लागले. उरली ७० मिनिटे. ते ११० मिनिटांचे नुकसान १,४४० मधून झाले नव्हते, १८० मधून झाले होते. आठ टक्के नव्हे, एकसष्ट टक्के! आणि मराठी बोलण्याचा वेळ तोच. दोनेक वर्षांत दोघेही मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देऊ लागले. त्याला कारणे अनेक असतील, पण हे एक होते.

आईच्या रकान्यात वेगळाच खर्च होता. तिची नोकरी लिव्हरमोरला, तशी जवळ. म्हणून पाळणाघर, डॉक्टर, ताप आला की धावणे, सगळे तिच्याकडे आले. प्रवास एकजण करी आणि दमणूक दोघांची होई. थोरल्याचा रकाना मात्र जमेचा होता. स्वतःची खोली मिळाली आणि अंगणात क्रिकेट खेळता आले. तो आजही म्हणतो, "ट्रेसीचं घर बेस्ट होतं."

आणि आजी. ती २०१४ साली सहा महिने आली. आठ गुंठे पाहून तिला हर्ष झाला. तिकडच्या उन्हात भेंडी आणि गवार अशी फोफावली की शाळेत पिशव्या भरून वाटली. (तुमच्यापैकी काहींनी खाल्ली आहे!) पण दुपारी दोननंतर उन्हात बाहेर जाववत नसे, आणि चालत जाण्याजोगे दुकान नव्हते, देऊळ नव्हते, दुसरी आजी नव्हती. गाडी तिला येत नाही. फ्रीमाँटला ती रोज संध्याकाळी बागेत चार मराठी-गुजराती आज्यांबरोबर बाकावर बसे. एकदा वांग्यांना पाणी घालता घालता ती सहज म्हणाली, "जागा भरपूर आहे रे, पण दिवस सरत नाही." ज्या माणसासाठी अंगण घेतले, असे आम्ही सर्वांना सांगत होतो, तिचाच रकाना आम्ही मांडला नव्हता.

स्विस अर्थशास्त्रज्ञ ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर यांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास २००८ साली छापून आला. प्रवास लांबला तर त्याची भरपाई मोठ्या घराने किंवा पगाराने व्हायला हवी, असा सिद्धांत. पण लांबचा प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी दिसले. भरपाई पुरी होत नव्हती. मोठ्या घराची आपल्याला सवय होते, रहदारीची होत नाही, असा आमचा अनुभव.

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही फ्रीमाँटला परत आलो. १,३५० चौरस फूट, मागे पुन्हा फरशी. आम्ही शहाणे झालो असे वाटले. आणि मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे सगळ्यांना घरी बसावे लागले. दोन आई-बाबांच्या बैठका, दोन मुलांच्या शाळा, सगळे त्या १,३५० फुटांत! एकजण कपड्यांच्या कपाटात बसून काम करीत असे. तेव्हा आठ गुंठ्यांची रोज आठवण येई. आजीला फोनवर सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "अरे, घर चुकलं नव्हतं. हिशेब जुना झाला."

खरेच आहे. आता आमच्या कचेरीत आठवड्याचे तीनच दिवस जावे लागते. ११० मिनिटे गुणिले ३ दिवस गुणिले ४६ आठवडे म्हणजे वर्षाला २५३ तास. पूर्वी पाच दिवसांचे जवळजवळ ४२२ होत. आज आम्ही पहिल्यांदा घर घेत असतो तर कदाचित ट्रेसीच निवडले असते. पण दिवस किती हे कंपनी ठरवते आणि ती मन बदलू शकते. घराचे कर्ज तीस वर्षांचे, साहेबाचा नियम पुढच्या ईमेलपर्यंतचा!

म्हणून त्या नव्या जोडप्याला आमचे सांगणे एवढेच. "घ्या" किंवा "घेऊ नका" असे आम्ही म्हणणार नाही. सही करण्यापूर्वी निदान दोन आठवडे, ज्या वेळी खरोखर निघणार त्याच वेळी, मंगळवार-बुधवारी, दोन्ही बाजूंनी प्रवास करून पाहा. घर दाखवणारा रविवारी दुपारी नेतो, तेव्हा खिंड मोकळी असते. सर्वांत वाईट दिवस लिहून ठेवा आणि तो चालेल का ते विचारा. नव्या वसाहतीत नेहमीच्या मालमत्ता कराखेरीज १९८२ च्या मेलो-रूस कायद्याखालचा विशेष कर असू शकतो, तो आधीच विचारून घ्या. कचेरीचे दिवस तीनाचे पाच झाले तरी निभेल का, हे पाहा. आणि घरातल्या प्रत्येकाचा वेगळा रकाना करा. जो गाडी चालवणार त्याचा, जो मागे राहणार त्याचा, जे लवकर झोपते त्याचा आणि जिला गाडी येत नाही तिचाही. बेरीज सगळ्यात शेवटी.

मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. घरामागची जागा पावलांनी किंवा टेपने मोजा आणि ती किती गुंठे होते ते काढा. मग आई-बाबा आणि तुम्ही, सगळे जागे आणि एका छपराखाली, असे रोज किती मिनिटे असता ते एक आठवडा लिहून ठेवा. दोन्ही आकडे मराठीत लिहून बाईंकडे द्या. पुढच्या अंकात छापू. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना त्यांचा रकाना त्यांच्याच हाताने भरू द्या.