वळणावर कळणारी गाडी

घाटनांदूरहून रोज अंबाजोगाईला जायचे, आठवड्यातून एखादी चक्कर परळीची किंवा लातूरची, आणि सणावाराला घरच्यांना घेऊन पुणे. एवढी ज्याची गरज आहे, आणि गाडी चालवताना थोडी मजाही ज्याला हवी आहे, त्याने कोणती गाडी घ्यावी? गावात हा प्रश्न टाकला की दोन टोकांची उत्तरे येतात. वडीलधारी मंडळी सांगतात, आपल्या रस्त्याला बोलेरोच पाहिजे. तरुण पोरे मोबाइल पुढे करून टर्बो इंजिनाच्या, दोन सायलेन्सरच्या, सीटला लाल शिलाई असलेल्या गाड्या दाखवतात. मला दोन्ही पटत नाहीत. साधी, हलकी, पुढच्या चाकांना ताकद देणारी, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक, आणि तीही मधल्या व्हेरिएंटमधली, हीच या भागात खऱ्या अर्थाने चपळ गाडी आहे, असे मी म्हणेन. मागच्या दारावर ‘स्पोर्ट’ची पट्टी चिकटवून दोन-तीन लाख जादा मागणाऱ्या गाडीची इथे गरज नाही.

आधी रस्ता पाहू. घाटनांदूर अंबाजोगाई–अहमदपूर रस्त्यावरचे, बालाघाटाच्या परिसरातले गाव. नावातच घाट आहे. चढ, उतार, वळण, गावाच्या तोंडाशी गतिरोधक, पुन्हा चढ, असा इथला प्रवास असतो. चौपदरी महामार्गावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने दिली, पण साध्या दुपदरी रस्त्याची कमाल मर्यादा ७० आहे. म्हणजे इथल्या एमएच-४४ पासिंगच्या गाडीचे बहुतेक आयुष्य ताशी २० ते ७० या पट्ट्यातच जाणार. मग गाडी दीडशेच्या वेगाला किती स्थिर राहते, शंभरचा आकडा किती सेकंदांत गाठते, या चर्चेचा तिच्या मालकाला काय उपयोग? त्याला कामाच्या गोष्टी तीनच आहेत. स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक वळते का, ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ रेषेत थांबते का, आणि वीसवरून साठवर ती किती सहज जाते. या तिन्हींवर इंजिनाच्या ताकदीइतकाच, कधी तर तिच्याहून जास्त, परिणाम वजनाचा होतो. जड वस्तू वळवायला, थांबवायला आणि पळवायला, तिन्ही वेळा जास्त जोर लागतो.

स्वस्त गाडी हलकी होऊ शकली ती पुढच्या चाकांमुळे, आणि हा इतिहास आपल्याकडे उशिरा पोहोचला. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगात इंग्लंडमध्ये पेट्रोलची टंचाई झाली. त्यातून ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये ‘मिनी’ घडवली. त्यांनी इंजिन आडवे बसवले आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. त्यामुळे इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट आणि मागचा जड डिफरन्शियल दोन्ही गेले. सुमारे तीन मीटर लांबीच्या त्या गाडीत जवळजवळ ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. पुढे याच मिनीने डोंगरी वळणांची माँटे कार्लो रॅली जिंकून दाखवली. गंमत अशी की आपली ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, ती गाडीही मिनी बनवणाऱ्याच कंपनीची. त्यांचे नवे तिकडे राहिले आणि जुने आपल्याकडे पंचवीस वर्षे नवे म्हणून विकले गेले. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी पद्मिनीसुद्धा मागच्या चाकांवरच चाले. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीची मारुती ८०० आली, तेव्हा कुठे पुढची चाके ओढणारी गाडी इथल्या मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिची ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत, पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ॲम्बेसेडरच्या तुलनेत ती चपळ वाटायची ती या हलकेपणामुळे.

आता बोलेरोवाल्यांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. काळ्या मातीच्या पाणंदीतून शेतात जायचे असेल, मागे खताच्या गोण्या टाकायच्या असतील, तर उंच, शिडीच्या चेसिसची आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी खरोखर कामाची. भरलेली गाडी खडीच्या चढावर घातली की वजन मागे झुकते, पुढची चाके हलकी पडतात आणि हॅचबॅकची चाके जागेवर फिरू लागतात. हा दोष पुढच्या चाकांच्या रचनेतच आहे. पण प्रश्न रोजच्या वापराचा आहे. पावसाळ्यात काळी माती चिकटायला लागली की दोन चाकांना ताकद असलेली कोणतीही गाडी, बोलेरो धरून, पाणंदीत फसते. तेव्हा गावकरी गाडी डांबरीवर उभी करून पायी जातात. वर्षातल्या त्या मोजक्या दिवसांसाठी उरलेले सगळे दिवस दीड टनाहून जड आणि माणसाहून उंच गाडी वळणावळणाने हाकायची, हा हिशेब जुळत नाही. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते. मागे बसलेल्या मुलांना उलट्या होतात त्याचे एक कारण हे झुलणेच आहे. शेताची गाडी आणि रस्त्याची गाडी वेगळी असते, हे एकदा मान्य केले की अर्धा वाद तिथेच मिटतो.

दुसरा आक्षेप शौकिनांचा. खरी मजा मागच्या चाकांच्या गाडीत, पुढच्या चाकांची गाडी वेगात वळवली की नाक बाहेर निसटते, असे ते सांगतात. म्हणणे शास्त्राला धरून आहे. गाडी ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे त्याच दोन टायरांना करावी लागतात, त्यामुळे पकड संपते तीही आधी पुढची. पण त्या क्षणी साधा माणूस काय करतो? घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पुढच्या चाकांच्या गाडीत बहुतेक वेळा तेच बरोबर ठरते, वेग उतरतो आणि नाक पुन्हा आत येते. मागच्या चाकांच्या गाडीची शेपूट सुटली तर उलटे स्टेअरिंग मारायचे कसब लागते आणि ते शिकायला आपल्याकडे जागा नाही. पहिल्या पावसात डांबरावर तेल, धूळ आणि उसाचा चोथा एकत्र होतो, तेव्हा इंजिनाचे वजन ताकदीच्याच चाकांवर असणे फार मोलाचे असते. ऐन वळणात झटक्याने पाय काढला तर पुढच्या चाकांच्या गाडीचीही शेपूट हलकी होते, हे मात्र विसरू नये. त्यावर स्थिरता राखणारी ईएसपी यंत्रणा आता स्वस्त गाड्यांतही येते. २०२४ च्या मारुती स्विफ्टमध्ये ती खालच्या व्हेरिएंटपासून आहे.

टर्बोचा मुद्दा सर्वांत भक्कम, म्हणून त्याला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागेल. ह्युंदाई आय-२० एन लाइनचे एक लिटरचे टर्बो इंजिन १२० पीएस ताकद आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि हा टॉर्क १,५०० फेऱ्यांपासूनच हाती येतो. स्विफ्टचे साधे १.२ लिटर इंजिन ८२ पीएस आणि ११२ न्यूटन-मीटरचे, त्यातही पूर्ण टॉर्क मिळायला इंजिन चार हजार फेऱ्यांच्या वर न्यावे लागते. उसाच्या हंगामात डबल ट्रॉलीच्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या माणसाला हा फरक मोठा वाटणारच. तर मग गणित मांडू. ट्रॅक्टर ताशी २० ने चालला आहे, आपणही त्याच्या मागे २० ने. ट्रॉल्यांची लांबी आणि पुढचे-मागचे सुरक्षित अंतर धरून आपल्याला त्याच्यापेक्षा ५० मीटर जास्त जायचे आहे. साधी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद असा वेग वाढवते असे धरले, तर सात सेकंद लागतात. टर्बो गाडीचा हाच आकडा अडीच धरला, तर सव्वासहा सेकंदांच्या थोडे वर. समोरून ७० ने येणारे वाहन हिशेबात घेतले तर पहिलीला सुमारे २२५ मीटर मोकळा रस्ता लागतो, दुसरीला सुमारे २०८. फरक सतरा-अठरा मीटरचा, म्हणजे डबल ट्रॉलीच्या एका ट्रॅक्टरच्या लांबीच्या आसपासचा. जिथे पुढचे सव्वादोनशे मीटर दिसत नाहीत तिथे दोनशे आठ मीटरही दिसत नसतात. टर्बोमुळे ओव्हरटेक सोपा वाटतो हे खरे, पण तो सुरक्षित होतो तो थांबण्याने. आणि साध्या गाडीत वेळेवर एक गिअर खाली टाकायचा कंटाळा केला नाही, तर पिकअपची तक्रार बरीचशी संपते. गिअर टाकण्यातच तर मजा आहे.

खास स्पोर्टी गाड्यांचे आपल्याकडे पुढे काय होते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २०१५ मध्ये फियाटने रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो काढली. ताकद १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आत, आणि त्या पैशात त्या वेळी तशी दुसरी गाडी नव्हती. २०१९ उजाडेपर्यंत फियाटने भारतात मोटारी विकणेच थांबवले. चाकणची फोक्सवॅगन पोलो २०१० पासून शौकिनांची लाडकी, तिची जीटी टीएसआय तर विशेष. २०२२ मध्ये तीही बंद झाली. मारुतीची बलेनो आरएस २०१७ ला आली आणि तीन वर्षांत गेली. टाटाची टियागो जेटीपी २०१८ ला आली, दोन वर्षांत गेली. या गाड्या वाईट नव्हत्या, उलट काही फारच उत्तम होत्या. पण संख्या थोडी, त्यामुळे त्यांचे खास सुटे भाग सुरुवातीपासूनच दुर्मीळ. पुण्यात असा मालक भागांसाठी दोन-चार दुकाने तरी धुंडाळू शकतो. घाटनांदूरच्या मालकाने टर्बोचा पाइप फाटल्यावर काय करायचे? जुनी पोलो जीटी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायला निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबरी भाग त्या इंधनाचा विचार करून बनलेले नाहीत.

करांचे धोरणही छोट्या गाडीच्या बाजूने आहे. चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी ‘लहान’ धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा जीएसटी, उपकर धरून असलेल्या २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या वेळी स्विफ्टची सुरुवातीची शोरूम किंमत पावणेसहा लाखांच्या थोडी वर होती, तर एन लाइन नऊ लाखांच्या पुढे. तीन लाखांचा हा फरक. त्यातल्या थोड्या पैशांत उत्तम टायर येतात, आणि गाडीच्या स्वभावात टायरइतका फरक दुसरी कोणतीच गोष्ट पाडत नाही.

टायरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण शोरूममध्ये माणूस फसतो तो इथेच. मोठ्या चकचकीत अलॉयवर पातळ टायर छान दिसतो. १९५/५५ आर-१६ या मापात टायरच्या बाजूची उंची १०७ मिलिमीटर भरते, १८५/६५ आर-१५ मध्ये १२०, आणि खालच्या व्हेरिएंटच्या १६५/८० आर-१४ मध्ये १३२. साईडपट्टी तुटलेल्या रस्त्यावरून खड्ड्यात गेल्यावर हीच रबराची उंची रिम वाचवते. पातळ टायरला वळणावर थोडी जास्त धार असते हे मान्य, पण एकदा रिम वाकला की तो सरळ होईपर्यंत ती धार काय कामाची? पंधरा इंचाचे मधले माप मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. ‘हलकी म्हणजे पातळ पत्रा’ हा समज पूर्ण खोटा नाही. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या कडक झालेल्या धडक-चाचणीत तेव्हाच्या स्विफ्टला एकच तारा मिळाला होता. पण याच कंपनीची, वजनाने फारशी जड नसलेली डिझायर २०२४ मध्ये त्याच संस्थेकडून पाच तारे घेऊन आली. म्हणजे वजन वाढवल्याखेरीज सांगाडा मजबूत करता येतो, कंपनीने मनावर घ्यायला हवे. पुण्यात बनणाऱ्या टाटा अल्ट्रोझने तर जुन्या निकषांवर का होईना, जानेवारी २०२० मध्येच पाच तारे मिळवले. ती स्विफ्टहून थोडी जड आहे, वळणावर तितकी उत्साही नाही, पण घरात लहान मुले असतील तर माझा कौल साध्या पेट्रोल अल्ट्रोझलाच. एकटा किंवा दुकटा प्रवास जास्त असेल तर स्विफ्ट, नव्या सहा एअरबॅगवाल्या रूपातली. डिझायरच्या ताऱ्यांवर स्विफ्टचा हिशेब मात्र कुणी करू नये. ज्या गाडीची चाचणी झाली, तारे तिचेच.

आणि टेस्ट ड्राइव्ह लातूरच्या शोरूमसमोरच्या रुंद रस्त्यावर संपवू नका. घरची चार माणसे गाडीत बसवा, एसी लावा, आणि सेल्समनला सांगा की एक चढ, एक आंधळे वळण आणि दोन गतिरोधक असलेल्या रस्त्यावर गाडी न्यायची आहे. गतिरोधकावर पोट घासते का ते ऐका. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये दम लागतो का ते पाहा. मागे बसलेल्या आईला विचारा, वळणावर दाराला धरावे लागले का. तिने नाही म्हटले तर बुकिंग करा.