मूत्रमार्गाला आधार कोठे द्यावा?

खोकताना, शिंकताना किंवा भरलेली कळशी उचलताना नकळत लघवी सुटावी आणि ती गोष्ट घरात तर नाहीच, पण डॉक्टरांपाशीही उघड बोलता येऊ नये, अशी अवस्था प्रसूतीनंतर वा उतारवयात असंख्य स्त्रियांच्या वाट्याला येते. तथापि तिला वार्धक्याची अटळ पट्टी समजून मुकाट्याने भरीत राहण्याचे कारण नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू व बंध सैल झाले, की पोटातील दाब अकस्मात वाढताच मूत्रमार्ग मिटलेला राहत नाही. म्हणून प्रथम त्या स्नायूंना व्यायाम द्यावा, ही अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेली तजवीज आजही पहिला इलाज मानली जाते.

ती अपुरी पडल्यास शस्त्रक्रिया. पण आधार नेमका कोठे द्यावा, याविषयीचे मत पालटत गेले. मार्शल, मार्चेटी व क्रँट्झ यांनी १९४९ साली मूत्राशयाच्या ग्रीवेलगतच्या ऊती जघनास्थीच्या आवरणाला टाचल्या. त्या आवरणात टाके नीट टिकेनात, तेव्हा नॅशव्हिलच्या जॉन बर्च यांनी जवळच्याच बळकट कूपर-बंधाचा आश्रय केला, आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पद्धत कित्येक दशके प्रमाण ठरली. दुसरा पंथ रुग्णेच्याच पोटाच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी काढून मूत्रमार्गाखाली तिची झोळी बांधणारा. ती अधिक परिणामकारक, परंतु पुढे लघवीस अडथळा होण्याची तक्रारही तिच्यातच अधिक.

या दोन्ही पंथांची भिस्त ग्रीवेवर असता, स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन व ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी दोष मूत्रमार्गाच्या मध्यभागाच्या आधारात असल्याचे प्रतिपादन केले; आणि सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पॉलिप्रॉपिलीनची जाळीदार पट्टी तेथे ताण न देता ठेवून, केवळ जागा बधिर केलेल्या रुग्णेला टेबलावरच खोकायला लावून ती किती सैल असावी हे ठरविण्याची रीत उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. जो खोकला रोग उघड करतो, त्यालाच परीक्षक नेमणारी ही कल्पना मला मोठी चतुर वाटते.

पट्टीचा प्रसार झपाट्याने झाला. पण काहींच्या बाबतीत ती योनीत उघडी पडली, काहींच्या मागे कायमची वेदना लागली, आणि ऊतींत रुजलेली जाळी समूळ काढणे अत्यंत दुष्कर ठरले. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये तिचा वापर तहकूब झाला. तेथील चौकशीच्या २०२० च्या कंबरलेज अहवालाने तर स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कानाआड केल्या गेल्याचा ठपकाच ठेवला. अमेरिकेत २०१९ साली विक्री थांबविली गेली ती खाली सरकलेल्या अवयवांसाठी योनीमार्गे बसविण्याच्या जाळीची. या पट्टीची नव्हे.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी, आधार स्वतःच्या ऊतीचा की जाळीचा, आणि जाळीचा असल्यास प्रसंगी ती काढणार कोण, याचा स्पष्ट खुलासा डॉक्टरांकडून मागून घ्यावा.