बोईसरहून बोरिवलीच्या अरण्यात : एका दिवसाच्या सहलीची आखणी

सहलीस जाणे आणि सहलीहून काही शिकून येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. पहिलीस वाहन आणि भाडे एवढे पुरते. दुसरीस आधी विचार करावा लागतो. पालघर, बोईसर व तारापूर ह्या आपल्या टापूतून मुंबई पाहावयास जाणारी मुले बहुधा समुद्र, उंच इमारती व दुकाने पाहून परततात. त्याच मुंबईच्या कुशीत, बोरिवलीस, सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे मोटारगाडीने एका दिवसात जाऊन यावयाचे तर आखणी कशी करावी, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

आरंभी 'राष्ट्रीय उद्यान' म्हणजे काय, हे समजून घेऊ. 'उद्यान' हा शब्द ऐकताच फुलांचे ताटवे आणि झोपाळे डोळ्यांपुढे येतात. तशी कल्पना घेऊन गेलेला मनुष्य निराश होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अरण्यांस जी निरनिराळी संरक्षणे दिली, त्यांत राष्ट्रीय उद्यानाचे नियम अभयारण्याहून कडक आहेत. अभयारण्यात काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते. महाराष्ट्रात अशी राष्ट्रीय उद्याने सहा आहेत. त्यांपैकी आपणांस सर्वांत जवळचे हेच. तेथे घरचे धनी पशुपक्षी असून आपण पाहुणे आहो, ही भावना मनात ठेवूनच पुढील आखणी करावी.

पहिला प्रश्न असा की, काय पाहावे? एका दिवसात सर्व काही पाहू म्हणणाऱ्यास काहीच नीट पाहता येत नाही. आमच्या मते दोनच गोष्टी निवडाव्या. पहिली कान्हेरीची लेणी. काळ्या पाषाणात कोरलेली ही शंभरांहून अधिक लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे घडत राहिली. भिक्षूंनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी खोदलेल्या पोढी तेथे लेण्यालेण्यापाशी आढळतात. त्या मुलांस अवश्य दाखवाव्या. दुसरी गोष्ट म्हणजे झाडांखालून शांतपणे तासभर चालणे. विहार व तुळशी हे तलावही ह्याच अरण्यात आहेत. विहारचे काम १८६० च्या सुमारास व तुळशीचे १८७९ मध्ये पुरे झाले, आणि दोहोंचे पाणी आजही मुंबईस मिळते. परवानगीवाचून त्या तलावांवर जाता येत नाही. तथापि रान राखले म्हणजे पाणी राखले जाते, हा धडा ते न पाहताही सांगता येतो.

दुसरा प्रश्न दिवसाचा व ऋतूचा. सोमवारी उद्यान बंद असते, हे न विचारता निघालेली मंडळी फाटकावरून परततात. पावसाळ्यात रान हिरवेगार असले तरी ओढ्यांस एकाएकी पूर येतो व रस्त्यावर खड्डे पडतात. म्हणून लहान मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र एक अपवाद सांगितला पाहिजे. ह्या अरण्यातील कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ ह्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस तिने डोंगर जांभळे केले. त्या हिशेबाने पुढचा बहर २०३२ मध्ये यावयाचा. शाळेच्या दहा वर्षांत हा योग प्रत्येकास एकदा, फार तर दोनदा लाभतो. म्हणून ते वर्ष आजच टिपून ठेवावे.

तिसरा प्रश्न वेळेचा, आणि येथे हिशेब उलटा मांडावा. निघण्याची वेळ आधी ठरवू नये. घरी परतण्याची वेळ आधी ठरवावी. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तोपर्यंत मुले बोईसरास पोहोचावयाची असतील, तर अंतर सुमारे ९० किलोमीटर धरून, ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने सव्वादोन तास होतात. त्यांत वाटेतील खोळंब्यासाठी पाऊण तास मिळवावा. म्हणजे दुपारी तीनला फाटक सोडावे लागेल. जातानाही तेवढेच तीन तास धरून सकाळी सहाला निघाल्यास नऊला पोहोचता येते, आणि अरण्यात सहा तास मिळतात. हा पाऊण तास अनेकांस व्यर्थ वाटतो. परंतु वसईच्या खाडीवरील जुन्या पुलाच्या दुरुस्तीच्या दिवसांत ज्यांनी तेथे वाट पाहिली, त्यांस त्याचे मोल ठाऊक आहे. २०२३ मध्ये शेजारी नवा पूल खुला झाला, तरी महामार्गावरील गर्दीचा नेम सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, आगगाडी असता मोटार कशास हवी? प्रश्न रास्त आहे. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावतात, आणि पाच-सहा जणांनी त्यांनीच जावे. परंतु चाळीस मुलांस गर्दीच्या डब्यात चढविणे-उतरविणे जोखमीचे असते. शिवाय सडकेने जाण्यात एक लाभ आहे, तो असा की, ही सडक स्वतःच अरण्याचा पहिला पाठ आहे.

तो पाठ कसा वाचावा, हे थोडक्यात सांगतो. बोईसरची मंडळी चिल्हार फाट्याने महामार्गास लागतात. पालघरची मंडळी वाघोबा खिंडीतून मनोरास येतात. खिंडीतील वाघोबाचे देऊळ सर्वांच्या परिचयाचे आहे. आमचा धर्म निराळा असला तरी एक गोष्ट आम्हांस मान्य केली पाहिजे : वाघबारशीस वाघाचे स्मरण करणाऱ्या वारली बांधवांनी रानच्या जनावराशी शेजारधर्म पाळावयाचा असतो, हे पुस्तकावाचून जाणले. ह्याच वारल्यांचे पाडे बोरिवलीच्या उद्यानातही आहेत. मनोर सोडल्यावर वैतरणा व तानसा ह्या नद्या लागतात. पुढे डाव्या हातास तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात. ते २००३ पासून अभयारण्य आहे. मग वसईची खाडी, आणि पलीकडे घोडबंदरच्या अंगास राष्ट्रीय उद्यानाचा नागला विभाग. नकाशा मांडीवर घेऊन पाहिल्यास मुलांच्या ध्यानी येईल की, हे सारे एकाच अरण्याचे तुकडे असून आपली सडक त्यांच्यामधून गेली आहे.

ह्या तुकड्यांचा परस्परसंबंध एका बिबट्याने सिद्ध करून दाखविला. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराच्या गळ्यात शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या चमूने ठिकाण कळविणारा पट्टा बांधला व त्यास माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव 'आजोबा' ठेवले होते. तो सुमारे १२० किलोमीटर चालत तुंगारेश्वरावरून आला, वसईची खाडी ओलांडली आणि बोरिवलीच्या अरण्यात दाखल झाला. २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट निघाला. २०१५ च्या छायाचित्रगणनेत ह्या उद्यानात व आसपास ३५ बिबटे नोंदले गेले. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा आपल्याच चाकांखालून जातात. म्हणून अंधारात प्रवास टाळणे हे जसे मुलांच्या, तसेच मुक्या जनावरांच्याही हिताचे आहे. चालकास वेग आवरण्यास सांगणे हा आखणीचाच भाग समजावा.

आता सामानाविषयी. पाण्याची बाटली, भाजी-भाकरीची शिदोरी, टोपी, पायांत बळकट जोडा, वही आणि पेन्सिल एवढे पुरे. गाडीत प्रथमोपचाराची पेटी असावी. दहा-दहा मुलांच्या टोळ्या करून प्रत्येकीवर एक नायक नेमावा, आणि गाडीत चढताना प्रत्येक वेळी शिरगणती करावी. तिकिटाचे दर आणि आत वाहन नेण्याचे नियम वेळोवेळी बदलतात; ते आदल्या आठवड्यात विचारून घ्यावे. माकडांस खाऊ घालू नये. त्यामुळे ती रानचा आहार सोडून माणसांवर धावू लागतात. प्लास्टिकचा एक कपटाही मागे राहू नये. गाणी गाडीत म्हणावी. रानात कान उघडे ठेवावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतोच. आपल्या जिल्ह्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग व जलद रेल्वे यांची कामे चालली आहेत; बोईसरास त्या रेल्वेचे स्थानकही योजिले आहे. ह्यापुढील सडका व कारखाने आज आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांतूनच निघालेले अभियंते, कामगार व अधिकारी बांधतील. सडक हवीच, परंतु तिच्याखालून जनावरास वाट ठेवावी की नाही, हे ठरविण्याच्या वेळी ज्याने ते रान एकदा तरी पायांनी तुडविले असेल, त्याचे मत निराळे पडेल, अशी आमची खात्री आहे. म्हणून परतल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या वहीत तीन गोष्टी लिहाव्या : काय पाहिले, काय ऐकले, आणि वाटेत अरण्य कोठे कोठे तुटलेले आढळले. ती वही पालकांनी आवर्जून वाचावी.