आहाराचा सल्ला : कोठपर्यंत?



आपल्या समाजातील मुले-मुली आज आहारशास्त्राच्या पदव्या घेत आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्याचबरोबर पावडरचे डबे विकणारे ‘सल्लागार’ही वस्त्यांत फिरताना दिसतात. म्हणून आहारसल्लागाराची मर्यादा कोणती, हे सर्वांनी समजून घेणे आवश्यक आहे.

विदर्भातील सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. आपल्या बौद्ध समाजातही हा आजार बराच आढळतो. मूल फिकट दिसते, लवकर दमते. शेजारी म्हणतात, “रक्त कमी आहे, बीट-गूळ द्या.” परंतु हा दोष आई-वडिलांकडून आलेला असतो, तो आहाराने बरा होत नाही. या रुग्णात लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त द्यावे लागत असेल तर शरीरात लोह साचतेही. तेव्हा तपासणीविना लोहाच्या गोळ्या सुचविणे हे सल्लागाराचे काम नव्हे.

फिकटपणाबरोबर हाडे-सांधे दुखणे, हातपाय सुजणे, डोळे पिवळे होणे किंवा वारंवार ताप येणे असे काही असल्यास रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. नंदनवनकरांना मेडिकल जवळच आहे. तेथे जाताना सोबत चिठ्ठी द्यावी : वय, वजन, रोजचा आहार, चालू औषधे आणि पाठविण्याचे कारण. रक्ताची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी आणि नंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यांवरून निदान होते. त्यानंतर सल्लागाराचे काम पुन्हा सुरू होते. भरपूर पाणी, वरण, पालेभाज्या, अंडी हे घरच्या मिळकतीत कसे बसवावे, हे तोच सांगू शकतो.

मधुमेहातही तसेच. बाबासाहेबांना स्वतःला हा आजार होता. इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण डॉक्टरांना न विचारता कमी केल्यास रक्तातील साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते. औषधाचे प्रमाण बदलणे हा डॉक्टरांचाच अधिकार आहे.

सन 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांचा समावेश मान्यताप्राप्त आरोग्य व्यावसायिकांत केला आहे. मान्यतेबरोबर जबाबदारीही येते. विनयपिटकात भगवान बुद्धांनी रुग्णसेवकाचे गुण सांगितले आहेत. रुग्णाला पथ्य काय, अपथ्य काय हे त्याने जाणावे आणि सेवा लोभाने नव्हे, मैत्रीभावाने करावी, हे त्यांतील दोन होत. “हे माझ्या कक्षेबाहेरचे आहे,” असे सांगणारा सल्लागार कमी शिकलेला नसतो, तोच भरवशाचा असतो. विद्यार्थ्यांनी हे मनावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

जय भीम!