मिठाचा पुडा आणि बीपीची गोळी

बीपीचं निदान झालं की अनेक घरांत ‘लो सोडियम’ मिठाचा पुडा येतो. तो उलटा करून मागची बारीक अक्षरं जरूर वाचा. कमी केलेल्या सोडियमची जागा तिथे बहुधा पोटॅशियम क्लोराईडने घेतलेली असते. त्याचा वाटा 25 टक्के धरला, तर पाच ग्रॅम मिठातून साधारण 650 मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं.

हे मीठ वाईट नाही. चीनमधल्या 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटल्याचं 2021 साली दिसलं. मात्र किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम राखून ठेवणारी, लघवी वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना त्यातून आधीच वगळलं होतं. नेमकी हीच गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल ही बीपीची नेहमीची औषधं. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक किडनीकडून सोडियम राखून घेतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. या गोळ्या त्या संप्रेरकाचा जोर कमी करतात. बीपी उतरतं, पण पोटॅशियमचा निचराही मंदावतो. किडनी धडधाकट असेल तर ती सांभाळून घेते. मधुमेहाने किंवा वयाने थकलेल्या किडनीला ते जमेलच असं नाही. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे 3.5 ते 5 मिलीइक्विव्हॅलंट असावं. ते फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तोवर अनेकांना काहीच जाणवलेलं नसतं.

मूतखड्यावर दिलं जाणारं पोटॅशियम सायट्रेटचं सिरप हा पोटॅशियम वाढण्याचा असाच दुसरा मार्ग. मूतखड्याचे डॉक्टर वेगळे, बीपीचे वेगळे. दोघांच्या चिठ्ठ्या एकत्र कोण पाहणार?

गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. ते पोटॅशियम घालवतं, पण कॅल्शियम धरून ठेवतं. म्हणून त्यासोबत कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने वाढवू नयेत. अम्लोडिपिन मात्र ‘कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर’ असलं, तरी तेवढ्यावरून नेहमीच्या मात्रेतली कॅल्शियमची गोळी बंद करायचं कारण नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना सगळ्या स्ट्रिप, सिरपची बाटली आणि मिठाचा पुडा पिशवीत घालून न्या. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी करायची का, ते स्वतःहून विचारा. तोवर नवं मीठ बाजूला ठेवा. बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका.